शिह त्झूचं पिल्लू, एलएफटी नॉर्मल, पण जेवलं की गुंगतं. बाइल अ‍ॅसिड टेस्ट नेमकी कशी करून घ्यायची?

झिपऱ्याची_आई (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. शिह त्झू, नर, वय १५ आठवडे, वजन १.४ किलो. त्याच वेतातलं दुसरं नर पिल्लू २.३ किलोचं आहे. खाणं: भिजवलेलं पपी किबल दिवसातून तीन वेळा आणि एक दिवसाआड उकडलेली चिकन कलेजी, दोन-तीन चमचे. जंताचं औषध वेळेवर चालू आहे, लसीचे दोन डोस झालेत.

कलेजी खाल्ली की तासा-दीड तासाने गुंगल्यासारखा बसून राहतो. हाक मारली तर उशिरा बघतो. कधी कधी भिंतीला कपाळ टेकवून उभा राहतो. दोन-तीन तासांनी पुन्हा उड्या मारायला लागतो. नुसतं किबल असेल त्या दिवशी हे फारसं दिसत नाही. पाणी भरपूर पितो, लघवी सारखी आणि पाण्यासारखी पांढरी. आठवड्यातून एखादी उलटी. ताप नाही, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या नाहीत.

रिपोर्ट: हिमोग्लोबिन १०.२, एमसीव्ही ५४, एएलटी ८८, एएलपी ३१०, बिलिरुबिन ०.२, अल्ब्युमिन २.२, बीयूएन ५, क्रिएटिनिन ०.४, कोलेस्टेरॉल ९६, ग्लुकोज ८४ (खाऊन चार तास झाले होते).

डॉक्टर म्हणाले की एलएफटी (लिव्हरची नेहमीची रक्ततपासणी) ठीक दिसतंय, पण लिव्हर शंट, म्हणजे रक्त लिव्हरला वळसा घालून जाणं, नाही असं म्हणता येणार नाही, बाइल अ‍ॅसिड करून घ्या. त्यांच्याकडे ही टेस्ट फारशी होत नाही. म्हणून इथे विचारते: एवढ्याशा पिल्लाला बारा तास उपाशी ठेवायचं का? सॅम्पल कुठल्या लॅबला द्यायचं? आकडा आला की वाचायचा कसा? आणि एक लिव्हर टॉनिक चालू आहे, ते सुरू ठेवू का?

---

डॉ_चारपायी

ताई, तुम्ही रिपोर्ट पूर्ण टाकलात ते बरं केलंत. एएलटी आणि बिलिरुबिन ठीक दिसलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात. पण तुमच्या रिपोर्टात शंटच्या खुणा दुसऱ्याच ओळींत बसल्या आहेत.

एएलटी वाढतं ते लिव्हरच्या पेशी फुटल्या की. बिलिरुबिन वाढतं ते पित्ताची वाट अडली, लिव्हरच्या पेशींना मोठा मार बसला किंवा रक्तपेशी भराभर फुटल्या की. जन्मजात शंटमध्ये यातलं फारसं काही होत नाही. आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंडाकडून येणारं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरकडे जायला हवं. ते गावात न शिरता बायपासने निघून गेलेल्या ट्रकसारखं थेट हृदयाकडच्या मोठ्या शिरेत जातं. पेशी शाबूत असतात, त्यांच्यापर्यंत माल पोचत नाही. लिव्हर लहान राहतं, बनवायच्या गोष्टी कमी बनवतं, आणि आतड्यातला अमोनिया न गाळता मेंदूपर्यंत पोचतो. शंटच्या पिल्लाला कावीळ सहसा होत नाही. 'पिवळं नाही म्हणजे लिव्हर ठीक' हा समज इथे घातक ठरतो.

आता लिव्हर काय बनवतं ते रिपोर्टात शोधा. युरिया लिव्हर बनवतं: बीयूएन ५. अल्ब्युमिन लिव्हर बनवतं: २.२. कोलेस्टेरॉल ९६. एमसीव्ही ५४, म्हणजे तांबड्या पेशी आकाराने लहान. शंटमध्ये शरीरात लोह असूनही ते नीट वापरलं जात नाही, म्हणून हे दिसतं. चारही एकाच दिशेला बोट दाखवतात. यातला एकेकटा आकडा मात्र फसवा आहे. वाढत्या पिल्लाचा बीयूएन आणि अल्ब्युमिन तसेही मोठ्या कुत्र्यापेक्षा थोडे कमीच असतात. एएलपी ३१० बघून घाबरू नका, वाढत्या हाडांमुळे पिल्लांत ते चढलेलं असतं.

एमसीव्ही कमी असण्याचं आपल्याकडचं दुसरं मोठं कारण म्हणजे अंकुशकृमी आणि पिसवा. हळूहळू रक्त जातं, लोह संपतं, अल्ब्युमिनही उतरतं. दोन्हीतला फरक असा: आतड्यात रक्त झिरपत असेल तर बीयूएन कमी न होता उलट वाढलेला सापडतो. तरीही विष्ठेची तपासणी करून घ्या. कृमी असले तर रिपोर्ट वाचणं अवघड होतंच, शिवाय आतड्यातलं रक्त म्हणजे अमोनियासाठी आयतं प्रोटीन.

वेळेकडे लक्ष द्या. छोट्या जातींच्या पिल्लांत गुंगी येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण साखर उतरणं हे आहे. ती उपाशीपोटी, खेळून दमल्यावर किंवा थंडीत उतरते, आणि हिरड्यांना मध चोळला की दहा-पंधरा मिनिटांत पिल्लू सावरतं. तुमच्याकडे उलट आहे, भरल्या पोटी गुंगी येते आणि तीही कलेजीनंतर. हे अमोनियाचं चित्र आहे. अर्थात शंटच्या पिल्लाची साखरही सहज उतरते, त्यामुळे घरात ग्लुकोमीटर असू द्या. माणसांचा ग्लुकोमीटर कुत्र्याची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो. तरी ६० च्या खाली आकडा आणि सोबत सुस्ती असेल तर वाट बघू नका.

पुढच्या वेळी गुंगी आली की दोन गोष्टी करा: मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ आणि त्याच क्षणी साखर. शेवटचं खाणं काय आणि किती वाजता, ते लिहून ठेवा. तुमच्या डॉक्टरांना यातून अर्धं निदान मिळेल.

लघवीची तपासणी झालेली दिसत नाही. ती आजच करा, फारशी महागही नाही. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीचा दाटपणा, कमी येईल असा अंदाज आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, काटेरी गोळ्यांसारखे अमोनियम बाययुरेटचे खडे दिसले तर शंटचा संशय पक्का होतो. डाल्मेशियनमध्ये ते एरवीही दिसतात, शिह त्झूमध्ये दिसायला नकोत. लघवी ताजी असताना, शक्यतो अर्ध्या तासात बघायला सांगा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या लघवीत नवे खडे तयार होतात आणि उगाच गोंधळ उडतो.

टॉनिकने ही आडवाट, म्हणजे शंट, बंद होत नाही. टेस्ट होईपर्यंत थांबवा. त्यात किंवा दुसऱ्या गोळीत अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड असेल तर ते स्वतःच एक बाइल अ‍ॅसिड आहे, आकड्यात मिसळू शकतं.

कलेजी आजपासून बंद.

---

पिवळा_सीरम

लॅबच्या बाजूचं मी सांगतो. ही टेस्ट यंत्रात फार बिघडत नाही. ती बिघडते पिल्लाला खाऊ घालताना आणि रक्त काढताना.

आधी तत्त्व. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून बाइल अ‍ॅसिड बनवतं आणि ती पित्ताशयात साठतात. स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरले की पित्ताशय आकुंचन पावतं आणि ती आतड्यात येतात. काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून बहुतेक सगळी परत शोषली जातात आणि पोर्टल व्हेनमधून लिव्हरकडे जातात. निरोगी लिव्हर ती तिथल्या तिथे उचलून घेतं, रक्तात फार थोडी सुटतात. शंट असेल तर ती थेट सगळ्या शरीराच्या रक्तात फिरतात. म्हणून खाण्याआधी एक आणि खाल्ल्यावर दोन तासांनी एक, अशी दोन सॅम्पल.

मागताना नाव नीट सांगा: 'सीरम टोटल बाइल अ‍ॅसिड्स, प्री आणि पोस्ट'. आपल्याकडच्या लघवीच्या साध्या रिपोर्टात 'बाइल सॉल्ट, बाइल पिगमेंट: निगेटिव्ह' अशी ओळ छापलेली असते. ती बघून 'बाइलची टेस्ट तर झालीच आहे' असं समजू नका, तिचा याच्याशी संबंध नाही.

जवळ प्राण्यांची लॅब नसेल तर माणसांच्या मोठ्या लॅबची साखळी चालते. गरोदरपणात अंगाला खाज सुटली तर स्त्रियांची हीच टेस्ट करतात, त्यामुळे ती त्यांच्या यादीत असते. पद्धत एन्झायमॅटिक आहे आणि कुत्र्याच्या सीरमवर (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवावर) चालते. फक्त रिपोर्टावरची माणसांची नॉर्मल रेंज सोडून द्या, आणि प्राण्याचं सॅम्पल घेतात का ते आधी फोन करून विचारा.

रक्त प्रत्येक वेळी एक मिली पुरतं, त्यातून अर्धा मिली सीरम निघतं. १.४ किलोच्या पिल्लात एकूण रक्त सव्वाशे मिलीच्या आत-बाहेर असतं. दोन मिली निघाल्याने काही बिघडत नाही. पण त्याच आठवड्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बायोकेमिस्ट्री पुन्हा पुन्हा करणार असाल तर हिशेब ठेवा, सगळं मिळून एक दशांशाच्या फार आत राहायला हवं. मानेच्या शिरेतून एका टोचणीत घेतलेलं रक्त उत्तम. पायाच्या बारीक शिरेतून जोर लावून ओढलं की पेशी फुटतात आणि सीरम लाल येतं. लाल सीरममध्ये आकडा खोटा कमी येतो. सीरम चरबीने दुधाळ असेल तर खोटा जास्त येतो. लाल किंवा पिवळ्या टोपीची नळी, वीस-तीस मिनिटं गोठू द्या, सेंट्रिफ्यूज, सीरम वेगळ्या नळीत. फ्रिजमध्ये ते काही दिवस टिकतं, बर्फाच्या पॅकसोबत पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवलं तरी चालतं.

दोन्ही नळ्यांवर प्री, पोस्ट आणि घड्याळातली वेळ. नुसतं १ आणि २ लिहिलेल्या नळ्या लॅबमध्ये अदलाबदल होतात आणि मग कुणालाच काही कळत नाही.

अमोनियाबद्दल कुणीतरी विचारेलच. ती टेस्ट फक्त सॅम्पल घेतलं तिथेच होणार असेल तर करा. रक्त लगेच बर्फात, गार सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा पंधरा-वीस मिनिटांत वेगळा आणि लगोलग यंत्रावर. नळी टेबलावर राहिली की तांबड्या पेशीच अमोनिया सोडत बसतात आणि निरोगी कुत्रंही शंटचं वाटायला लागतं. कुरिअरचा अमोनिया म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय पिल्लू सावरलेलं असताना अमोनिया नॉर्मल आला तरी शंट नाही असं ठरत नाही.

---

झिपऱ्याची_आई

खूप आभार दोघांचेही. उपासाचं तेवढं सांगा ना. सहा तास जरी गेले तरी हा थरथरायला लागेल अशी भीती वाटते. आणि टेस्टच्या वेळी खायला काय घालायचं? कलेजी तर बंद केली.

---

डॉ_चारपायी

भीती योग्य आहे. बारा तास हा मोठ्या कुत्र्यासाठीचा नियम. या वजनाच्या पिल्लाला तो लावायचा नाही.

रात्री बाराला शेवटचं खाणं, सकाळी सहाला साखर मोजून पहिलं सॅम्पल. पाणी चालू. साखर ७० च्या खाली जायला लागली किंवा पिल्लू मलूल दिसलं तर उपास तिथेच सोडा. आधीचं सॅम्पल राहू द्या, खाऊ घाला आणि फक्त दोन तासांचं घ्या. शंट शोधायला जास्त उपयोगाचं तेच आहे. खूप अशक्त पिल्लांत मी स्वतःहून एवढंच सुचवतो.

खाणं: पाच किलोच्या आतल्या कुत्र्याला दोन लहान चमचे पुरतात. पोटभर घालायचं नाही, पित्ताशय पिळलं जाईल एवढंच. नेहमीचं ओलं पपी फूड चालतं. झिपऱ्यासारखा मांसाने गुंगणारा असेल तर कमी प्रोटीनचं लिव्हर डाएट घ्या आणि त्यात पाव चमचा मक्याचं तेल कालवा. तेल महत्त्वाचं आहे. नुसता भात घातला तर पित्ताशय हलणारच नाही आणि आकडा खोटा नॉर्मल येईल. पंधरा मिनिटांत खाऊन व्हायला हवं. खाल्लं नाही तर सिरिंजने थोडं थोडं चाटवा. वाटी चाटून झाली की घड्याळ लावा, बरोबर दोन तासांनी दुसरं सॅम्पल. मधल्या वेळात एक बिस्किटसुद्धा नाही. उलटी झाली तर दिवस फुकट, दोन-चार दिवसांनी पुन्हा. ही सगळी सकाळ दवाखान्यातच काढा, गुंगी आली तर माणूस जवळ हवा.

वाचायचं असं. लॅबनुसार थोडा फरक पडतो, पण आधीचा आकडा १० च्या आत आणि नंतरचा २५ मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत असेल तर शंट जवळपास बाद. १०० च्या वर गेला आणि सोबत तुमच्यासारखा रिपोर्ट असेल तर पुढची पायरी शंट शोधण्याची. २५ ते १०० हा करडा पट्टा. तिथे मायक्रोव्हॅस्क्युलर डिस्प्लेसिया बसतो, म्हणजे मोठी आडवाट नसते पण लिव्हरमधल्या बारीक वाहिन्यांची ठेवण बिघडलेली असते. सौम्य शंटही बसतो, आणि टेस्ट नीट न झालेली निरोगी पिल्लंही. मिळत असेल तर प्रोटीन सी ही रक्तातली तपासणी इथे कामी येते. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर कल शंटकडे, वर असेल तर डिस्प्लेसियाकडे.

१५० पेक्षा ३०० म्हणजे दुप्पट आजार, असं गणित नाही. लिव्हर बायपास होतंय एवढंच हा आकडा सांगतो, किती ते नाही. आणि काही कुत्र्यांत आधीचा आकडा नंतरच्यापेक्षा मोठा येतो, कारण पित्ताशय मध्येच आपोआप आकुंचन पावतं. लॅबला दोष देऊ नका, दोन्हीतला मोठा धरा.

कावीळ झालेल्या पिल्लात मात्र ही टेस्ट करून काही हाती लागत नाही, पित्त तुंबलं तरी आकडा वाढतोच. पिवळेपणा, ताप, उलट्या आणि पावसाळा असं एकत्र असेल तर आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि गोचीड ताप बघा, लस झालेली नसेल तर कुत्र्यांचा संसर्गजन्य हिपॅटायटिसही. लेप्टोच्या पीसीआरचं सॅम्पल अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यायचं असतं, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. झिपऱ्याचं तसं दिसत नाही.

---

मोत्याचा_बाबा (ठाणे)

याच धाग्यात विचारतो. माल्टीज, मादी, पाच महिने, २.१ किलो, अंगाने भरलेली, एकही लक्षण नाही. ब्रीडरच्या सांगण्यावरून टेस्ट केली. प्री ८, पोस्ट ४२. बाकी रिपोर्ट पूर्ण नॉर्मल, एमसीव्ही ६८. घरात सगळे रडकुंडीला आलेत.

---

पिवळा_सीरम

दादा, रडू नका. माल्टीजमध्ये नेहमीच्या एन्झायमॅटिक पद्धतीने खाल्ल्यानंतरचा आकडा शंट नसतानाही चढलेला येतो, ही या जातीची जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. प्री ८, एमसीव्ही ६८, बीयूएन-अल्ब्युमिन ठीक, वजन ठीक: या ४२ वर कुणी ऑपरेशनची भाषा केली तर दुसरं मत घ्या.

---

डॉ_चारपायी

सहमत. दोन महिन्यांनी पुन्हा करा, सोबत लघवी आणि एक सोनोग्राफी. तोवर औषध नाही, डाएट नाही. डिस्प्लेसिया असला तरी लक्षणं नसलेल्या कुत्र्याला बहुधा काहीच लागत नाही. फक्त वैद्यकीय कागदांवर हा आकडा लिहून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी कुणी तो नवा आजार समजणार नाही. हिची वीण मात्र घेऊ नका.

जातींचं म्हणाल तर उत्तर अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या १९८० ते २००२ मधल्या नोंदींत सगळ्या कुत्र्यांत मिळून जन्मजात शंटचं प्रमाण ०.१८ टक्के होतं, यॉर्कशायर टेरियरमध्ये २.९, माल्टीजमध्ये १.६, पगमध्ये १.३. म्हणजे धोक्याच्या जातीतही बहुतेक पिल्लं निरोगीच.

---

प्रोब_आणि_जेल

बाइल अ‍ॅसिड वाढलेलं निघालं तर ताई माझ्यासारख्या सोनोग्राफीवाल्याकडे येणार, म्हणून आधीच लिहितो.

एवढ्या पिल्लाला मोठ्या माणसाच्या पोटाचा प्रोब चालत नाही. मायक्रोकॉन्व्हेक्स किंवा उच्च फ्रीक्वेन्सीचा लिनिअर हवा, आणि हातात प्राण्यांच्या शिरांचा सराव हवा. सोनोग्राफीची विश्वासार्हता यंत्राइतकीच माणसावर असते. 'शंट दिसला नाही' आणि 'शंट नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रिपोर्टात यातलं कुठलं लिहिलंय ते वाचा.

मी काय बघतो: लिव्हरचा आकार, लिव्हरमधल्या पोर्टल फांद्या नीट भरलेल्या आहेत का, दोन्ही किडन्या वयाच्या मानाने मोठ्या आहेत का, मूत्राशयात गाळ किंवा खडे आहेत का. मग उजव्या बाजूने, बरगड्यांच्या मधून, लिव्हरच्या दाराशी पोर्टल व्हेनची जाडी मोजून ती अ‍ॅओर्टाच्या (महाधमनीच्या) जाडीशी ताडून बघतो. हे गुणोत्तर ०.८ किंवा वर असेल तर लिव्हरबाहेरचा शंट बहुतांशी बाद होतो. ०.६५ किंवा खाली असेल तर तो असण्याची शक्यता खूप मोठी. बरंच रक्त वाटेतच दुसरीकडे वळल्यामुळे दाराशी येणारी शीर बारीक राहते. छोट्या जातींत ही आडवाट बहुधा खालच्या महाशिरेत उघडते, कधी पाठीच्या कण्यालगतच्या अझायगस शिरेत. अझायगसवाल्यांची लक्षणं सौम्य असतात आणि उशिरा कळतात, त्यातले बरेचसे थेट मुतखडा घेऊनच येतात.

एक्स-रेवर लिव्हर लहान दिसेल, पण युरेटचे खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. 'एक्स-रे काढला, खडा नाही' यावर थांबू नका.

ऑपरेशन ठरलं तर आधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरांचा सीटी स्कॅन. शंट कुठून निघतो आणि कुठे मिळतो हे सर्जनला त्यातून नेमकं कळतं. भूल लागते, त्यामुळे आधी पिल्लू औषधांवर स्थिर व्हायला हवं. सोय कुठे आहे याची चौकशी परळ आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपासून सुरू करा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या खासगी दवाखान्यांतही विचारा.

---

दहीभात_आणि_अंडं

तोवरचं खाणं. पशुआहार हा माझा विषय आहे म्हणून नेमकं लिहिते, पण डोस तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रोटीन बंद करू नका. पिल्लू वाढतंय, प्रोटीन तोडलं तर अल्ब्युमिन आणखी खाली जाईल आणि शरीर स्वतःचे स्नायू मोडून अमोनिया तयार करेल. बदलायचा आहे तो प्रोटीनचा प्रकार. लाल मांस, मासळी, कलेजी-वजडी, वाळवलेल्या मांसाच्या चघळायच्या कांड्या बंद. अंडं, घरचं पनीर, दही, सोया, मुगाची डाळ हे अमोनियाच्या दृष्टीने सोसवतं. चिकन या दोन्हींच्या मधे, डॉक्टर म्हणतील तेव्हा थोडं. लिव्हरसाठीचं तयार डाएट मिळालं तर उत्तम. पिल्लासाठी ते प्रोटीनला तोकडं पडतं, म्हणून त्यात पनीर किंवा उकडलेलं अंडं मिसळतात. निव्वळ घरचं दहीभात महिनोन्‌महिने चालवू नका, कॅल्शियम आणि झिंक कमी पडतं. तीनऐवजी पाच-सहा छोटी जेवणं, शेवटचं झोपायच्या आधी.

बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही. मळ साचला की अमोनिया शोषला जायला वेळ मिळतो. यासाठीच लॅक्ट्युलोज देतात. ते आतड्यातलं आम्ल वाढवून अमोनिया तिथेच अडकवतं आणि पोटही साफ ठेवतं. माणसांचं साधं सिरप, १५ मिलीत १० ग्रॅमचं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. सुरुवात साधारण किलोला अर्धा मिली, दिवसातून तीनदा, म्हणजे झिपऱ्याला ०.७ मिली, इन्सुलिनच्या सिरिंजने नव्हे, एक मिलीच्या साध्या सिरिंजने. मोजमाप विष्ठेवरून: दिवसातून दोन-तीन वेळा मऊ, आकार धरलेली. पाण्यासारखी झाली तर डोस जास्त झालाय, कमी करा. जुलाबाने पाणी गेलं की गुंगी उलट वाढते.

मेट्रोनिडॅझोल (आतड्यातले अमोनिया करणारे जंतू कमी करणारं अँटिबायोटिक) लिहून दिलं तर डोस दोनदा तपासा. शंटच्या पिल्लाला नेहमीपेक्षा कमी लागतं, किलोला साडेसात मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. झिपऱ्याला साधारण १० मिलिग्रॅम. ५ मिलीत २०० मिलिग्रॅमच्या सिरपचा तो पाव मिली होतो. ४०० च्या गोळीचे तुकडे करत बसलं तर डोस हमखास जास्त जातो, आणि मेट्रोनिडॅझोल जास्त झालं की पिल्लू लडखडतं, डोळे हलतात. ते बघून घरचे म्हणतात शंट वाढला!

शुगर-फ्री लिहिलेल्या कुठल्याही सिरपच्या लेबलवर झायलिटॉल आहे का बघा. ते कुत्र्याची साखर पाडतं आणि लिव्हरही जाळतं. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन घरातल्या कुणीही द्यायचं नाही.

---

झिपऱ्याची_आई

लघवीचा रिपोर्ट आला: स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१२, अमोनियम बाययुरेट क्रिस्टल 'भरपूर'. बाइल अ‍ॅसिड शनिवारी सकाळी. कलेजी बंद केल्यापासून गुंगी एकदाही नाही. उरलेली लस, जंताचं औषध आणि पुढे नसबंदी, यांचं काय करू?

---

डॉ_चारपायी

मग शनिवारचा आकडा मोठा येईल अशी तयारी ठेवा आणि सोनोग्राफीची वेळ आत्ताच घेऊन ठेवा.

पिल्लू स्थिर असेल तर लस वेळेवर द्या, पावसाळ्यात लेप्टोचा भाग चुकवू नका. फक्त टेस्टच्या आणि लसीच्या दिवसात आठवड्याचं अंतर ठेवा. जंताचं औषध वजन त्याच दिवशी काट्यावर घेऊन, अंदाजाने नाही.

नसबंदीसाठी वेगळी भूल आत्ता नको. लिव्हरकडून उतरणाऱ्या औषधांचा असर या पिल्लांत लांबतो. बरेच शंट सहा महिन्यांच्या नसबंदीनंतर पिल्लू दिवसभर शुद्धीवर येत नाही तेव्हाच उघडकीला येतात. शंटचं ऑपरेशन झालं तर त्याच भुलेत नसबंदीही उरकता येते, आणि मूत्राशयात खडे असले तर तेही काढता येतात.

त्या ऑपरेशनमध्ये आडवाट सहसा एका फटक्यात बांधत नाहीत. लहानपणापासून रक्त कमी मिळालेलं लिव्हर सगळा दाब एकदम सोसत नाही. शिरेभोवती अ‍ॅमेरॉइडची कडी बसवतात. बाहेर धातू आणि आत केसिन, म्हणजे दुधातलं प्रोटीन. केसिन ओलावा शोषून फुगतं आणि वाट काही आठवड्यांत हळूहळू बंद होते. दुसरी पद्धत सेलोफेनच्या पट्टीची. नंतरचे तीन-चार दिवस झटके येण्याची भीती असते, त्यासाठी बरेच सर्जन आधीपासून लेव्हेटिरासिटाम सुरू करतात. तीन महिन्यांनी बाइल अ‍ॅसिड पुन्हा. तेव्हा आकडा थोडा चढा राहिला तरी एमसीव्ही, अल्ब्युमिन आणि वजन सुधारलं असेल तर काम झालं असं धरतात.

शनिवारी रिपोर्ट टाकताना दोन्ही सॅम्पलच्या वेळा, काय खाल्लं, किती खाल्लं आणि सीरमचा रंग, एवढं लिहा.